विंगेपासून खुर्चीपर्यंत

मालूताई खांबेटे नाटकाला निघाल्या की पर्समध्ये न चुकता एक स्टॉपवॉच असतं. ते कशाला, असं मीही पहिल्यांदा भाबडेपणाने विचारलं होतं. रंगमंचावर म्हातारं पात्र आलं की ते किती सेकंदांनी खोकतं हे मोजायला. पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसायचं, आजोबा विंगेतून बाहेर पडले की टक्, खोकले की पुन्हा टक्, आणि मग अंधारातच वहीत नोंद करायची. 'अंक पहिला, आजोबा, पहिला खोकला सात सेकंद.'

दिल्लीतले हौशी मराठी नट परीक्षकांना भीत नाहीत तेवढे या 'टक्'ला भितात. आमच्या मंडळाच्या एका नाटकात एक गृहस्थ आजोबा झाले होते. शांततेत त्यांना ते 'टक्' ऐकू आलं आणि घाबरून ते खोकायचेच विसरले. पुढचं वाक्य सुनेचं होतं, बाबा औषध घेतलंत का. आता खोकलाच नाही तर औषध कशाचं? सून त्यांच्याकडे बघत राहिली, ते सुनेकडे बघत राहिले, आणि मालूताईंनी वहीत लिहिलं, 'प्रथमच निरोगी वृद्ध.'

तर या मालूताई माझ्या शेजारी. द्वारकेत आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर समोरासमोर दारं. वय चौऱ्याहत्तर. इथल्या एका कॉलेजात त्यांनी हयातभर नाटक शिकवलं, आणि 'आधुनिक मराठी नाटकातील पुराणकथा आणि वार्धक्य' या विषयावरचं पुस्तक त्या गेली तीस वर्षं लिहितायत. सुरुवात केली तेव्हा वार्धक्य हा निव्वळ अभ्यासाचा विषय होता. आता तो घरात येऊन पाय पसरून बसलाय, तरी त्या त्याच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणूनच बघतात. आमच्या गेटवरचा गार्ड दिल्लीच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पांढऱ्या केसाला 'माताजी' म्हणतो. मालूताईंना म्हणाला तेव्हा त्यांनी ऑटोतून उतरून त्याला 'किसकी माता?' असं विचारलं. तो बिचारा खरंच विचारात पडला. तेव्हापासून तो त्यांना 'प्रोफेसरजी' म्हणतो आणि त्या दिसल्या की उभा राहतो.

मी बँकेत आहे. मला नाटकातलं काही कळत नाही असं मंडळात सर्वांचं मत आहे, म्हणून मंडळाने मला पडदा, घड्याळ आणि चहा अशी तीन खाती दिली आहेत. पंधरा वर्षं मी ती सांभाळतेय आणि आजवर एकदाही चहा उशिरा आलेला नाही.

मालूताईंचा सिद्धांत आता ऐकूनच घ्या, कारण ऐकल्याशिवाय या बाईपासून सुटका नाही. त्यांचं म्हणणं असं की आपल्या नाटककारांना म्हाताऱ्या माणसाचं काय करावं ते कळत नाही, म्हणून ते त्याला पुराणात नेऊन सोडतात. घरात म्हातारा मेथी निवडतो, नाटकात तो शाप देतो. घरात म्हातारी दूधवाल्याशी भांडते, नाटकात ती युगानुयुगं कुणाची तरी वाट बघते. रंगमंचावर आजवर एकाही म्हातारीने गॅसचा नंबर लावलेला नाही, असं त्या बोट नाचवत सांगतात, आणि पुढे त्यांचं पालुपद येतं, 'पुरावा दाखव, मी पुस्तक फाडते.' दुसरं पालुपद म्हणजे 'हा म्हातारा खोटा आहे'. हे त्या चालू नाटकात, शेजारच्याला सांगितल्यासारखं, बाल्कनीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात.

पण त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा वेगळाच. पुराणात म्हातारा माणूस चालत येत नाही, तो प्रकट होतो. तीच खोड नाटकाला लागली. विंगेतून निघाला की चार ढांगांत खुर्चीत. खरा म्हातारा चार ढांगांत कुठे पोचतो? त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याला द्यायला ना नाटककार तयार असतो ना प्रेक्षक. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते मनापासून पटलं होतं. मी अर्थात तसं बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तिथल्या तिथे तिसरं प्रकरण वाचायला घेतलं असतं.

थंडीत सोसायटीच्या बागेत म्हातारी मंडळी ऊन खात बसतात. मालूताई त्यांच्या समोरच्या बाकावर वही घेऊन बसतात. याला त्या संशोधन म्हणतात. निष्कर्ष असा की नट आधी उठतो आणि मग कण्हतो, खरा माणूस आधी कण्हतो आणि मग उठायचं की नाही ते ठरवतो. शिवाय उठण्याआधी तो आजूबाजूला बघून घेतो, कुणी बघत तर नाही ना म्हणून. हे सगळं ठीक, पण एक दिवस भल्ला आंटींनी सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार केली की ही मॅडम रोज माझ्या नवऱ्याकडे टक लावून बघते आणि काहीतरी लिहिते. मराठी म्हणून मध्यस्थीला मला पाठवलं. मी आंटींना हिंदीत समजावलं की ये सब रिसर्च है, अंकल के घुटनों पे किताब लिख रही हैं. दुसऱ्या दिवशी भल्ला अंकल नवा स्वेटर घालून आले आणि अर्ध्या तासात सात वेळा उठून बसले. मालूताई म्हणाल्या, सगळा नमुना वाया गेला.

विद्वानांतही त्यांची अशीच ख्याती. एका चर्चासत्रात एका तरुण प्राध्यापकाने 'जरावस्थेचे मिथकीय परिमाण' की असंच काहीसं पाऊण तास वाचलं. वार्धक्य म्हणजे काळाने मांडलेला यज्ञ, वगैरे. सगळे माना डोलावत होते. मालूताईंनी हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं की तुमचा हा म्हातारा राजा पडदा उघडल्यापासून सिंहासनावर बसून आहे, त्याला लघवीला कधी जायचं असतं? अध्यक्षांनी ताबडतोब चहाची सुट्टी जाहीर केली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. नाटकात म्हातारीचं काम नेहमी मंडळातल्या सगळ्यात लहान मुलीला द्यायचं आणि तिच्या डोक्यात टाल्कम पावडर ओतायची. कारण वयाने खरोखर मोठ्या असलेल्या बायका अजून नायिकेची कामं सोडायला तयार नाहीत. गेल्या वर्षीच्या नाटकातली नवपरिणीत वधू अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिची आजेसासू पंचवीस. आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

या वर्षी दिल्लीतल्या मंडळांच्या एकांकिका स्पर्धेसाठी आमच्या घारपुऱ्यांनी 'टॉवर सी मधली शबरी' नावाची एकांकिका लिहिली. घारपुरे मंडळाचे सेक्रेटरी, लेखक, दिग्दर्शक आणि जमलं तर नायकसुद्धा. त्यांची शबरी विमानतळाजवळच्या फ्लॅटमध्ये राहते, तिचा राम न्यू जर्सीला असतो आणि ती त्याच्यासाठी फ्रिजमध्ये बोरं ठेवते. शेवटी राम व्हिडिओ कॉलवर येतो आणि दोन पानांचं स्वगत म्हणतो. राम म्हणजे अर्थातच घारपुरे. शबरी आमची सत्तावीस वर्षांची ऋचा.

तालमीला मालूताई आल्या. ऋचा चार ढांगांत खुर्चीत जाऊन बसली, तीन सेकंदांत खोकली, आणि मानेला हिसका दिल्याबरोबर डोक्यातून पावडरीचा लोट उठला. मालूताईंनी नाकाला रुमाल लावून निकाल दिला, ही म्हातारी खोटी आहे. घारपुरे आधीच टेकीला आलेले होते. ते म्हणाले, मग मॅडम, तुम्हीच का नाही करत शबरी? मालूताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की आम्ही सगळे पंख्याकडे बघू लागलो. त्या एवढंच म्हणाल्या की माझा तो विषय आहे, वय नव्हे. आणि जाता जाता सांगितलं की पुढच्या रविवारी मी खरी आणते.

पुढच्या रविवारी त्या अक्कांना घेऊन आल्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची. यजमान सरकारी नोकरीत, त्यामुळे संसार सगळा सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये झाला. ते गेल्यावर त्या मालूताईंकडे राहायला आल्या. चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून काठी, आणि चालणं घरातल्या घरात. पण एके काळी त्या आमच्याच मंडळात काम करायच्या हे मला त्या दिवशी कळलं. उंच आणि आवाज घोगरा, म्हणून सव्विसाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा म्हातारीचं काम मिळालं आणि पुढे कायम तेच मिळत गेलं. त्या मिश्किलपणे सांगत होत्या की पंचवीस वर्षं डोक्यात पावडर घातली, मग एक दिवस आरशात बघितलं तर तिची गरजच उरली नव्हती. आणि नेमकं त्याच वर्षापासून मंडळाने बोलावणं बंद केलं.

घारपुऱ्यांना नाही म्हणता येईना. विंगेपासून खुर्चीपर्यंत अठरा फूट. अक्का निघाल्या. मी घड्याळ लावलं. काठी, डावा पाय, उजवा पाय, थांबा. पुन्हा काठी. ऋचाला ते अंतर सहा सेकंदांचं होतं. अक्का खुर्चीत टेकल्या तेव्हा एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. त्या जराही खोकल्या नाहीत. बसल्यावर दम घेऊन त्यांनी त्यांचं पहिलं वाक्य म्हटलं, बोरं आणलीत का रे कुणी, आणि तो आवाज ऐकून कोपऱ्यात सामोसे खात बसलेली मंडळी खायची थांबली.

आता पंचाईत अशी की स्पर्धेत एकांकिकेला पंचेचाळीस मिनिटं. एक सेकंद जास्त झाला तरी बाद. अक्कांच्या चालण्याने आमची एकांकिका मर्यादेबाहेर गेली. आमच्या मंडळाला नऊ वर्षं ओळीने 'उत्तेजनार्थ' मिळालं आहे आणि घारपुऱ्यांचा जीव त्या पहिल्या नंबरात अडकला आहे. त्यांनी सुचवलं की शबरी आधीपासूनच खुर्चीत बसलेली दाखवू. झालं. मालूताई उभ्याच राहिल्या. तीस वर्षं ज्या गोष्टीवर पुस्तक लिहितेय तीच कापायची? म्हातारीला चालायचा वेळ नाही आणि न्यू जर्सीत खुर्चीवर बसलेल्या रामाला दोन पानं बोलायला वेळ आहे? पुरावा दाखवा, की त्या दोन पानांनी कुणाचं काही भलं झालंय. तीन रविवार हे भांडण चाललं. शेवटी घारपुऱ्यांनी, पोटचं मूल द्यावं अशा चेहऱ्याने, स्वगताचं एक पान दिलं. एकांकिका पावणेपंचेचाळीस मिनिटांवर आली.

मला मात्र या सगळ्यात वेळेची काळजी नव्हती. मला अक्कांची काळजी होती. बाई एकदा पडलेली. पुन्हा पडली तर उठायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आणि मालूताईंचा कायदा असा की अक्कांना कुणी हात लावायचा नाही. एकदा त्या जरा कलल्या म्हणून ऋचा धावत जाऊन त्यांचा दंड धरायला गेली, तर मालूताई तिच्यावर अशा ओरडल्या की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ही बाई शुद्ध दगड आहे. सख्ख्या बहिणीचा नमुना करून टाकलाय आणि नमुन्याला हात लागला तर निष्कर्ष बिघडतो म्हणून जपतेय.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी मी त्यांना लिफ्टसमोर गाठलं आणि तोंडावर बोलले. तुमच्या पुस्तकासाठी तुम्ही अक्कांना पणाला लावताय. त्या स्टेजवर पडल्या तर काय करणार आहात, किती सेकंदांत पडल्या ते वहीत लिहिणार?

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, गेली.

'तिला जायचंय,' त्या म्हणाल्या. 'चार वर्षांत तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. एकदा एकटीने त्या खुर्चीपर्यंत जायचंय म्हणाली. कुणी न धरता.'

'आणि पडल्या तर?'

'तर पडेल,' असं म्हणून त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. संकष्टीचे मोदकसुद्धा मुलीच्या हातून पाठवले. ते म्हणे छान झाले होते, पण सारणात वेलची कमी.

स्पर्धा रविवारी दुपारी, कोपर्निकस मार्गावरच्या एका सभागृहात. जानेवारीची थंडी, उन्हातही हात गार. अक्का टॅक्सीत खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. हॉस्पिटल सोडलं तर चार वर्षांत एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि मधे सगळे उड्डाणपूल नवे झाले म्हणून मालूताईंना जाब विचारत होत्या. तिथे पोचल्यावर मालूताईंनी आपलं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. मंडळाच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि त्या जाऊन पहिल्या रांगेत मधोमध बसल्या.

पडदा मीच ओढला. सुरुवात बरी गेली. ऋचाला आता सुनेचं काम होतं आणि ती कधी नव्हे ते न घाबरता बोलत होती. तिचा प्रवेश संपला, ती विंगेत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. रंगमंच रिकामा. अक्कांनी पदर नीट केला, माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि त्या निघाल्या.

काठी, डावा पाय, उजवा पाय, थांबा. प्रेक्षकांत आधी थोडी चुळबुळ झाली. कुणीतरी खुसखुसलं, मागे कुणाचा तरी फोन वाजला. अर्धं मिनिट झालं आणि आवाज हळूहळू बंद झाले. काठीचा ठोका तेवढा ऐकू येत होता. पाऊण मिनिट. अक्का बरोबर मधे पोचल्या, आणि तिथे थांबल्या.

हे थांबणं तालमीत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. पाच सेकंद. दहा. काठी जागची हलेना. समोरच्या विंगेत घारपुरे दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते आणि एकही शब्द न उच्चारता 'चला, चला' करत होते. पंधरा. ऋचा पुढे सरकली, मी तिचं मनगट धरलं. का धरलं ते मला आजही सांगता येणार नाही. वीस. मनात म्हटलं, पडतेय ही बाई, आणि आपण सगळे उभं राहून बघतोय.

अक्कांनी मान वर केली आणि प्रेक्षकांकडे बघितलं. पहिल्या रांगेत, मधोमध. त्या बघतात तिकडे मीही बघितलं. रंगमंचावरचा उजेड तिथपर्यंत पडत होता. मालूताई खुर्चीच्या अगदी कडेला आल्या होत्या. वही मांडीवरून खाली पडली होती. दोन्ही हात त्यांनी छातीच्या उंचीवर समोर धरले होते, तळवे वर, बोटं उघडी, समोर कुणी मागे कलंडलं तर झेलायला धरावेत तसे. मागच्या रांगेतला एक गृहस्थ त्यांना हात खाली घ्या म्हणून खुणावत होता. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

अक्का पुढे निघाल्या. काठी, डावा पाय, उजवा पाय. खुर्चीशी पोचल्या, वळल्या, हाताशी धरायला काही आहे का ते बघितलं, आणि बसल्या. मग ते वाक्य. बोरं आणलीत का रे कुणी. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हललंही नाही. मी चक्क रडत होते. ऋचाही रडत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी घड्याळाकडे बघायचं विसरले.

घारपुऱ्यांचा राम व्हिडिओ कॉलवर आला, त्याने आपलं उरलेलं एक पान सुरू केलं आणि शेवटच्या दोन वाक्यांआधी परीक्षकांची घंटा वाजली. पंचेचाळीस मिनिटं पूर्ण. आम्ही बाद. या वर्षी 'उत्तेजनार्थ'सुद्धा नाही. घारपुरे मेकअप न उतरवताच मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला म्हणत राहिले की स्वगतच कापायला हवं होतं सगळं. हे ते खरंच म्हणाले. मला त्यांचा एवढा पुळका आजवर कधी आला नव्हता.

मी चहा घेऊन मेकअपच्या खोलीत गेले. अक्का एकट्याच होत्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर, शाल गुंडाळून. खुशीत दिसत होत्या. मी त्यांच्या हातात कप दिला आणि विचारलं की अक्का, मधेच थांबलात का, दुखलं का काही?

'छे गं. मागे कुणी नव्हतं.'

मला कळलं नाही. त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

'चार वर्षं झाली. मी पलंगावरून उठले की मालू मागे येते. चपला काढून येते, आवाज नको म्हणून. वीतभर अंतर ठेवून, दोन्ही हात असे धरून. संडासापर्यंत, बाल्कनीपर्यंत, जाईन तिथे. एकदाही हात लावलेला नाही. तिला वाटतं मला ठाऊक नाही. आमच्या पॅसेजमध्ये कपाटाला आरसा आहे, त्यात सगळं दिसतं. हातात वही घेऊन बसलेली असली तरी टाकून येते.' त्यांनी चहाचा घोट घेतला. 'आज निम्म्यात पोचले आणि पाठीशी काही जाणवेना. पाय उचलेचना बघ. म्हटलं, ही गेली कुठे? तर समोर बसलीय, हात तसेच धरून. मग आले.'

मला लिफ्टसमोर मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं आणि लाज वाटली.

'तिला सांगू नकोस हं,' अक्का म्हणाल्या. 'मला ठाऊक आहे हे कळलं तर लाजेल, आणि यायची बंद होईल.'

एवढ्यात मालूताई आल्या. आल्या त्या ओरडतच. मधे थांबायचं कुणी सांगितलं होतं, पंचवीस सेकंद गेले, सगळं गणित बिघडलं, पुस्तकात आता मी हे काय म्हणून लिहू. अक्कांनी चहा संपवला. वाक्य विसरले होते, असं त्यांनी सांगितलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने वाक्य विसरणं म्हणजे किती सामान्य दर्जाचं वार्धक्य, यावर मालूताईंनी अजून थोडं सुनावलं आणि मला टॅक्सी बोलवायला लावली.

टॅक्सी आली. अक्का काठी टेकून उठल्या आणि दाराकडे निघाल्या. मालूताईंनी मला शाल आणि पिशव्या घ्यायला सांगितल्या. मी पिशव्या उचलून वळले तर त्या चपला काढत होत्या. जानेवारीतली ती गार फरशी, आणि ही बाई अनवाणी पायांनी अक्कांच्या मागे वीतभर अंतरावर हात पुढे धरून चालू लागली. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या चपला उचलल्या आणि दोघींच्या मागून निघाले. गेटपर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला.